फ्रान्समधलं एक छोटं गाव समजून घ्यायचंय? मग एवढंच करा

त्यासाठी तुम्ही कोंक हे गाव निवडलंत, छान! पण नवखे सगळे करतात तसं थेट सेंत फ्वा या ख्रिस्ती संत स्त्रीच्या चर्चकडे धावू नका.

१. आधी नकाशा. ऊशचा ओढा दूर्दू नदीला मिळतो तिथल्या चढावर हे गाव वसलंय. सपाट जागाच नाही, म्हणून घरं एकमेकांच्या डोक्यावर चढल्यासारखी. छपरंसुद्धा स्थानिक शिस्ट दगडाचीच.

२. इतिहासाचं एकच सूत्र धरा: यात्रेकरू. नवव्या शतकात इथल्या मठवासींनी सेंत फ्वाचे अवशेष आजाँ या दुसऱ्या गावाहून चक्क पळवून आणले (हो, चोरीच!). फ्रान्समधल्या ल प्युईहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थस्थानी जाणारे यात्रेकरू इथे थांबू लागले आणि गावाचं नशीब फळफळलं. १८३७ मध्ये लेखक आणि ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे आला तेव्हा चर्चची पार दुरवस्था झाली होती. त्याने पाठपुरावा केला म्हणून ते वाचलं. दारावरच्या 'अंतिम न्याया'च्या शिल्पाची वरची कमान नीट बघा. कडेमागून चिमुकले चेहरे डोकावतायत, फक्त डोळे, नाक आणि बोटं.

३. दुकानात शिरताच 'बोंजूर' म्हणा, मग काय हवं ते मागा. नाहीतर उद्धट ठराल.

लोकसंख्येचे आकडे जपून वापरा. २०१६ पासून कोंक आणि शेजारच्या तीन गावांची मिळून 'कोंक-आं-रूअर्ग' ही एकच कम्यून (स्थानिक प्रशासनाचा सर्वांत लहान घटक) आहे. नवे-जुने आकडे सरसकट ताडून पाहिलेत तर फसाल.

चित्रकार सुलाजने केलेल्या चर्चच्या काचा, सेंत फ्वाची सोन्याने मढवलेली मूर्ती, चर्चच्या रोमनेस्क (मध्ययुगीन) शैलीची चर्चा सध्या राहू द्या. नकाशा झाला की कळवा, मग बोलू.