जीवाश्मांच्या लहान संग्रहालयांचा संशोधनाला खरंच काही उपयोग असतो का?

तुम्ही गुजरातमधल्या रैयोलीचं डायनासोर संग्रहालय पाहून आलात आणि विचारताय, की प्रतिकृती सोडल्या तर तिथे संशोधनाचं काय? शिवाय मुलाला मिळालेल्या एका गोळ्याचा फोटो पाठवून तो डायनासोरचं अंडं आहे का, हेही विचारलंय. मी ऐरोलीत राहतो, भूशास्त्र शिकलोय, म्हणून थोडं सांगतो.

काचेआड दिसतं त्याने संशोधकाचं फारसं भागत नाही. त्याला हवे असतात बंद कपाटातले नमुने आणि सोबतच्या नोंदी.

गुजरातचंच उदाहरण घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना 1980च्या दशकात ढोली डुंगरीला अंडी आणि बारीक हाडं असलेला दगड मिळाला. हाडं डायनासोरच्या पिल्लाची, असं ठरलं. दगड जपून राहिला. 2001मध्ये अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ विल्सन यांनी तो पुन्हा न्याहाळला, तर काही मणके चक्क सापाचे! सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा सांधे असतात, त्यावरून ओळख पटली. 2010मध्ये शोधनिबंध आला: साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. नाव ‘सनाजेह इंडिकस’. पहिला निबंध छापून झाल्यावर ‘आता काय करायचाय’ म्हणून कुणी दगड काढून टाकला असता, तर संपलंच होतं.

राजासॉरस या मांसाहारी डायनासोरची हाडं रैयोलीलाच 1982 ते 84मध्ये मिळाली, नामकरण 2003ला. सुटी हाडं जुळवताना कामी आला तो कुठलं हाड कुठे होतं याचा, खोदतानाच काढलेला नकाशा.

सगळं एकाच मोठ्या शहरात न्यावं, हे मला पटत नाही. पावसाने बांध खचला आणि शेतकऱ्याला हाड दिसलं, तर तो दाखवायला कुठे जाणार? शिवाय जीवाश्म मिळतात ती जागा कायम राहत नाही. आपल्या वरळीच्या टेकडीतल्या चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन 1847 साली इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये केलं. आता तिथे खणायचं म्हटलं तर कुणाच्या पार्किंगखाली खणणार?

आणि हो, मुलाला पारसिकच्या डोंगरात मिळालेला पांढरा गोळा. फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, पण अंडं नसावं. लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइट किंवा क्वार्ट्झ ही खनिजं साचतात, त्याचे असे गोळे बनतात. जीवाश्म शोधायचे ते लाव्हाच्या दोन थरांमधल्या जुन्या तळ्यांच्या गाळात. गोळा फोडून बघा: आत या खनिजांचे स्फटिक चमकले, तर शंका बरीचशी मिटली.