जानेवारीच्या अखेरीस सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन लंडनला यावे का?

आपण विचारले आहे की, रजा फक्त जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिळते आहे आणि तिकिटेही त्या सुमारास स्वस्त दिसत आहेत, परंतु सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील असल्यामुळे घरातील सर्वजण ‘थंडीत लंडनला जाऊन काय पाहणार’ असे म्हणत आहेत. तेव्हा आता यावे की जून-जुलैची वाट पाहावी? मी बऱ्याच वर्षांपासून या शहरात राहतो आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक सर्व ऋतूंत माझ्याकडे येत असतात. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की, आईवडिलांना दमा किंवा संधिवाताचा मोठा त्रास नसेल, तर अवश्य यावे. मात्र थंडीची जितकी तयारी कराल त्याहून अधिक तयारी उजेडाची करावी.

येथे येणारे बहुतेक पाहुणे तापमान पाहून घाबरतात. वास्तविक जानेवारीत लंडनचे दिवसाचे तापमान साधारणपणे आठ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे दोन-तीन अंश असते, बर्फ क्वचितच पडतो आणि पडला तरी फार टिकत नाही. पाऊस असतो, पण तो भुरभुर स्वरूपाचा. जानेवारीच्या संपूर्ण महिन्यात येथे जेवढा पाऊस पडतो, तेवढा मुंबईत जुलैच्या एखाद्या जोराच्या दिवसात पडून जातो. खरी टंचाई असते ती सूर्यप्रकाशाची. हे शहर साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे, त्यामुळे आपण याल त्या आठवड्यात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवेल आणि साडेचार-पावणेपाचला मावळेल. न्याहारी करून, आवरून, दहा वाजता बाहेर पडण्याची आपली सुट्टीतील सवय येथे तशीच ठेवली, तर हाती जेमतेम सहा तासांचा उजेड उरतो, आणि जुलैसाठी आखलेला कार्यक्रम त्यात बसत नाही. हिवाळ्यात लंडन आवडले नाही असे सांगणाऱ्या ज्या लोकांशी मी बोललो आहे, त्यांतील बहुतेकांनी सकाळ संग्रहालयात घालवली होती आणि पूल, नदी, राजवाडा हे सारे अंधार पडल्यावर गाठले होते.

म्हणून क्रम उलटा करावा. सकाळी उजाडताच उघड्यावरची ठिकाणे पाहावीत आणि दुपारी अडीच-तीननंतर छपराखाली जावे. वेळेतील फरकही येथे आपल्या उपयोगी पडतो. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते, त्यामुळे पहिले काही दिवस आईवडिलांना पहाटे तीन-चारलाच जाग येईल. येथील बहुतेक हॉटेलांच्या खोलीत पाणी उकळण्याची किटली असते. चहाचे सामान आणि थोडा कोरडा खाऊ सोबत असला, तर ती पहाट सुखाची जाते आणि आठ वाजता सर्वजण आपोआप तयार असतात. या काळात सूर्य दिवसभर कलताच राहतो. आकाश स्वच्छ असले, तर सेंट पॉल्स कॅथीड्रलचा फिकट दगड सकाळी त्या तिरक्या उन्हात जसा उजळतो, तसा तो उन्हाळ्यातील भर दुपारी दिसत नाही.

सकाळच्या फेरफटक्यासाठी मी आपणांस दोन ठिकाणे आवर्जून सुचवेन. पहिले चॉक फार्म स्थानकापासून चालत जाण्याजोगे, किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले; उघडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी तपासून घ्याव्यात. तेथून प्रिमरोझ हिल ही टेकडी जवळ आहे. चढ सौम्य आहे, आणि पानगळ झालेली असल्यामुळे माथ्यावरून शहर मोकळे दिसते. दुसरे ठिकाण मैदा व्हेल भागातील हॉवली प्लेस. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक लंडनला आले, तेव्हा 1918-19 मध्ये त्यांचे वास्तव्य तेथील दहा क्रमांकाच्या घरात होते आणि भिंतीवर तशी निळी पाटी आहे. घर खासगी असल्यामुळे ते रस्त्यावरूनच पाहावे लागते. तेथून काही मिनिटांवर लिटल व्हेनिस नावाचा कालव्याचा भाग आहे. हिवाळ्याच्या सकाळी त्या कालव्यातील राहत्या बोटींच्या धुराड्यांतून लाकडाचा धूर निघत असतो आणि काठावर चिटपाखरू नसते. माझ्या आईला साऱ्या लंडनमध्ये हा तासभर सर्वांत अधिक आवडला होता.

केन्सिंग्टन गार्डन्समध्ये गेलात, तर मान वर करून पाहावे. तेथे हिरव्या पोपटांचे थवे आहेत, आणि ते आपल्याकडचेच, लाल चोचीचे व गळ्यात कंठी असलेले राघू आहेत. उन्हाळ्यात ते पानांत लपून राहतात, फक्त आवाज येतो. जानेवारीत मात्र निष्पर्ण फांद्यांवर ते स्पष्ट दिसतात, आणि राखाडी आभाळावर तो पोपटी रंग फार देखणा वाटतो.

दुपारनंतरच्या वेळेसाठी लंडनसारखे दुसरे शहर सापडणे कठीण आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम या सर्वांतील कायमस्वरूपी दालनांना प्रवेशमूल्य नाही. हिवाळ्यात या गोष्टीचे महत्त्व निव्वळ पैशांपुरते राहत नाही. तिकीट नसल्यामुळे अर्धा तास आत जाऊन, बसून, ऊब घेऊन, एकच दालन पाहून बाहेर पडता येते आणि त्याचे काही वाटत नाही. वयस्कर माणसांना तर असेच थोडे थोडे पाहणे झेपते. ब्रिटिश म्युझियममधील रोझेटा शिलालेखाभोवती, म्हणजे एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेल्या प्राचीन इजिप्तच्या शिळेभोवती, ऑगस्टमध्ये इतकी गर्दी असते की समोरच्यांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. जानेवारीत शाळांच्या सहली परतल्यानंतर, म्हणजे दुपारी, त्याच शिलालेखासमोर थांबून तिन्ही लिप्यांच्या ओळी निवांत पाहता येतात. तेथेच आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपावरील शिल्पे काचेमागील वेगळ्या दालनात ठेवलेली आहेत. फिकट चुनखडीच्या त्या शिळांवर स्तूपाला नमस्कार करणाऱ्या माणसांच्या आकृती इतक्या बारीक कोरल्या आहेत की त्यांतील हातांची बोटेही मोजता येतात, आणि गर्दीचे लोक या दालनाकडे फारसे फिरकत नाहीत.

शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडे असते. आपला शुक्रवार मुक्कामाच्या शेवटी येईल असे पाहावे, कारण पहिल्या दिवसांत संध्याकाळी सातलाच सर्वांचे डोळे मिटू लागतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखे पाहण्याच्या इच्छेने अनेक मराठी माणसे येतात. ती 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात प्रदर्शनासाठी आणली गेली आहेत, तेव्हा केवळ त्यांच्यासाठी तेथे जायचे असेल, तर ती परतली आहेत का हे आधी पाहावे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघही याच संग्रहालयाचा.

एक दिवस क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानासाठी राखावा. तेथे तिकीट आहे आणि हिवाळ्यात ते लवकर बंद होते, म्हणून सकाळीच जावे. 1848 मध्ये पूर्ण झालेल्या तेथील काचगृहात, पाम हाऊसमध्ये, पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा एकदम धुरकटतात आणि काही क्षण काहीच दिसत नाही. नाकाला मात्र ओल्या मातीचा आणि केळीच्या पानांचा वास येतो. बाहेर पाच अंश असताना आत नारळ, केळी, कोको हे सारे उभे पाहून कोकणातील माणसाला काय वाटते, ते मी माझ्या काकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. लोखंडी जिन्याने वर गेले की झाडांचे शेंडे डोळ्यांसमोर येतात, पण जिना अरुंद व गोल आहे आणि वर उकाडाही अधिक असतो, त्यामुळे आईवडिलांनी खालीच बसावे.

कपड्यांविषयी थोडेसेच सांगतो. जाडजूड कोटापेक्षा एकावर एक घातलेले पातळ थर बरे, कारण दुकाने, संग्रहालये, रेल्वे सर्वत्र आत उष्णता असते आणि सतत काढघाल करावी लागते; म्हणून स्वेटर पुढून उघडणारा असावा. वाऱ्यात छत्री टिकत नाही, टोपी असलेला वारारोधक रेनकोट घ्यावा. बुटांचे तळवे मात्र ओल्या फरशीवर न घसरणारे हवेत, या एका बाबतीत काटकसर करू नये. आतल्या कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतात, त्याची सोय भारतातूनच करून यावे.

शहरात फिरण्यासाठी भुयारी रेल्वेपेक्षा बस निवडावी. अनेक जुन्या स्थानकांत उद्वाहक नाही, लांबच लांब जिने आहेत. पंधरा क्रमांकाच्या बसने ट्रॅफल्गर चौकापासून टॉवर ऑफ लंडनपर्यंत जाताना वाटेत फ्लीट स्ट्रीट आणि सेंट पॉल्स दिसते, आणि तेही ऊबेत बसून. कार्डाने पैसे देताना प्रत्येक माणसाचे कार्ड स्वतंत्र लागते, हे लक्षात असू द्यावे. शनिवार-रविवारी रेल्वेमार्गांची दुरुस्ती चालते, त्यामुळे दूरचा प्रवास मधल्या वारी करावा.

तारखांबाबत आपली निवड चांगली आहे. डिसेंबरचा उत्तरार्ध येथे गर्दीचा व महाग असतो, आणि नाताळच्या दिवशी तर बस व रेल्वे पूर्ण बंद असतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भारतात सुट्टीसाठी गेलेली येथील मंडळी परतत असल्यामुळे इकडे येणाऱ्या विमानांचे दर चढलेलेच राहतात. त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्यावर शाळांना आठवड्याची सुट्टी लागेपर्यंतचा काळ हा खरा ऑफ सीझन, आणि आपले दिवस नेमके त्यात येतात. नाटकांच्या तिकिटांसाठीही हाच काळ सोयीचा. आईवडिलांसाठी दुपारचा प्रयोग निवडावा, म्हणजे बाहेर अंधारून येत असते त्या वेळेचा सदुपयोग होतो आणि जेवून वेळेवर झोपता येते.

काही गोष्टी मात्र मिळणार नाहीत, त्यांचा विचार आधी करावा. बकिंगहॅम राजवाड्याची भव्य दालने मुख्यतः उन्हाळ्यातच लोकांसाठी उघडतात, लंडन आय हा पाळणा जानेवारीत देखभालीसाठी काही दिवस थांबतो, आणि बागांत फुले म्हणावीत तर स्नोड्रॉपची पांढरी फुले तेवढी दिसू लागलेली असतात. विंडसर किंवा बाथ येथे दिवसभराची सहल सहज होते. परंतु स्कॉटलंडचा डोंगराळ भाग याच फेरीत जोडण्याचा विचार असल्यास तो सोडून द्यावा, कारण तेथे दिवस आणखी लहान असतो आणि आईवडिलांचा सारा उजेड गाडीतच संपेल. तो भाग पाहणे हाच सहलीचा मुख्य हेतू असेल, तर मात्र जूनपर्यंत थांबणे योग्य.