एक जॉन, सतरा वाटा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

'जॉन' या नावावरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण प्रत्येक भाषेतल्या रूपापुढे 'देव कृपाळू आहे' असं लिहीत गेलीस, ते काही पटलं नाही. अर्थ एकदाच सांग: हिब्रू 'योहानान', म्हणजे यहोवाने, ज्यूंच्या देवाने, कृपा केली. त्यानंतर विचारायचं ते एवढंच, की हे नाव इथवर कुणाच्या तोंडून आलं?

ग्रीक लिपीत शब्दाच्या मध्ये 'ह' लिहायची सोय नव्हती, म्हणून झालं 'इओआन्नेस'. लॅटिनवाल्यांनी पुढे तो 'ह' परत घुसवला. ग्रीक चर्चमार्फत रशियन वगैरे स्लाव लोकांकडे गेलं आणि 'इव्हान' झालं. जर्मन 'हान्स'ने 'योहान्नेस'चं शेपूट धरलं, डच 'यान'ने डोकं. आयर्लंड तर बघच! तिथे एकच नाव दोनदा आलं. आधी लॅटिनमधून 'ओइन', मग नॉर्मन फ्रेंचांबरोबर 'शॉन'. तुझ्या मसुद्यात ओइन नाहीच.

कानावर फार विसंबू नकोस. इव्हान ऐकायला परका, पण सख्खा. जॉनथन जवळचा वाटतो, पण ते वेगळं नाव, 'यहोवाने दिला' अशा अर्थाचं. तो काढून टाक.

अरबीत जरा सांभाळून. कुराणात 'याह्या', अरब ख्रिस्ती लोकांत 'युहन्ना'. याह्याचा संबंध 'जगणे' या अरबी धातूशी लावतात. तो जरूर नोंदव, पण हिब्रू नावाची व्युत्पत्ती म्हणून नको.

आणि गोवा कसा काय सुटला? पोर्तुगीज 'ज्वांव'पासून आपल्या शेजारचा 'सांजाव', 24 जूनचा संत योहानाचा सण. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून पोरं भर पावसात विहिरीत उड्या मारतात. येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे याच योहानाने, उडी मारली, या बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या प्रसंगाशी लोक त्या उड्या जोडतात. त्याच अध्यायात नातेवाईक हटून बसतात, की या नावाचा आपल्या घराण्यात कुणीच नाही. शेवटी मुका झालेला बाळाचा बाप जखऱ्या पाटीवर लिहून देतो, 'याचं नाव योहान आहे.' नावाच्या लेखाला याहून चांगली सुरुवात तुला कुठे मिळणार?

'जॅक' मात्र जॉनखालीच राहू दे. ते इंग्रजांनी जॉनचंच केलेलं लाडकं रूप. फ्रेंच 'जाक' दिसायला तसाच, पण तो 'याकोब' या वेगळ्या नावाच्या घरचा.

तुझे,
सर