सगळ्यांचा मिळून भार कोण मोजणार?

प्रश्न : आमचे गाव नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीजवळ आहे. आसपास कोळशाच्या खाणी, वीज केंद्र आणि राखेचे बंधारे आहेत. प्रत्येकाचा अहवाल ‘मर्यादेत’ म्हणतो. विहिरीचे पाणी आणि कपाशीची पाने मात्र वेगळेच सांगतात. उत्तर कॅनडातील गावे अशा एकत्रित परिणामांवर स्वतः देखरेख ठेवतात, असे ऐकले. ते कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. परवानगी प्रकल्पागणिक मिळते, पण पाणी, जमीन आणि जनावरे सगळ्यांचा भार एकदमच सोसतात. वायव्य कॅनडातील मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यासाठी १९९८ साली झालेल्या कॅनडाच्या कायद्याने एकत्रित परिणामांवरील देखरेख आणि किमान पाच वर्षांतून एकदा स्वतंत्र पर्यावरण लेखापरीक्षण बंधनकारक केले.

तिथला जिव्हाळ्याचा विषय म्हणजे कॅरिबू हे हरणाच्या कुळातले जनावर. त्यांच्या बाथर्स्ट नावाच्या कळपात १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० कॅरिबू होते. २०१८ मध्ये सुमारे ८,२०० उरले. हिऱ्यांच्या खाणी, त्यांचे रस्ते, वणवे, बदलते हवामान, लांडगे, शिकार यांपैकी कुणा एकाच्या माथी हा दोष मारता येत नाही, आणि म्हणूनच सुट्या अहवालांतून या घसरणीचा उलगडा होत नाही. तिथल्या टलिचो या आदिवासी समाजातील ज्येष्ठ आणि तरुण २०१६ पासून उन्हाळ्यात कॉन्टवॉइटो सरोवराच्या परिसरात तळ ठोकून कॅरिबू, त्यांचा चारा, लांडगे आणि खाणींचा उपद्रव यांच्या नोंदी ठेवतात. जनावर सोलताना पाठीवरची चरबी पाहून शिकारी त्याची प्रकृती ओळखतात. हीच पारख दरवर्षी त्याच प्रश्नांना उत्तर म्हणून लिहिली गेली की तिची तुलना करता येते. माझ्या मते यातले सर्वांत मोलाचे हेच, की काय पाहायचे ते तिथे राहणारी माणसे ठरवतात.

आपल्या गावाने मोजक्या विहिरी निवडून मृगाआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पानांवर राख दिसली तर तारीख, शेत आणि वाऱ्याची दिशा त्याच दिवशी लिहावी. राख दिसली नाही, तर तेही लिहावे, नाहीतर वहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पांसाठी होणाऱ्या जनसुनावणीत लेखी म्हणणे मांडता येते. तिथे या नोंदी जोडाव्यात. त्याआधी त्या ग्रामसभेत वाचून ठरावासह दफ्तरी दाखल कराव्यात आणि एक प्रत गावात दुसरीकडे ठेवावी.