समुपदेशनाच्या पहिल्या वर्षी एवढंच सांभाळ

अगं, भाजी चिरतानाही क्लायंटची वाक्यं डोक्यात फिरतात ना? हे कंपॅशन फटीगचं, म्हणजे दुसऱ्यांचं दुःख सतत ऐकून येणाऱ्या थकव्याचं, लक्षण असू शकतं. तो मुरलेल्यांनाही येतो. घाबरू नकोस.

- सुपरव्हिजनचा, म्हणजे अनुभवी समुपदेशकाशी आपल्या केसेसवर बोलण्याचा, वार आधी पक्का कर, केसेस मग घे. ‘अडलं की जाईन’ म्हणणारे जातच नाहीत. मीही नव्हते गेले. दोन वर्षांनी समोरची बाई रडत होती आणि मी घड्याळ बघत होते.
- सुपरव्हिजनमध्ये जमलेली केस मिरवू नकोस. डायरीत जे नाव दिसलं की पोटात गोळा येतो, ती केस ने. नाव-गाव झाकून, अर्थात.
- जड सेशन्स लागोपाठ नकोत.

प्रोक्वॉल (ProQOL) ही या कामाचा आपल्या मनावर काय परिणाम होतोय ते बघायची ३० प्रश्नांची प्रश्नावली मोफत मिळते. अधूनमधून भर, पण ते निदान समजू नकोस.