एचडीएल चांगले असेल, तर वाढलेल्या एलडीएलची काळजी करावी का?

आपण लिहिले आहे की, वयाच्या 42 व्या वर्षी केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातील मेदाच्या तपासणीत, एकूण कोलेस्टेरॉल 228, एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) 148, एचडीएल (ज्याला ‘चांगले’ म्हणतात) 62 आणि ट्रायग्लिसराइड हा रक्तातील दुसरा मेद 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले. डॉक्टरांनी आहार बदलून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितली आहे, तर घरच्यांचे म्हणणे असे की, चांगले कोलेस्टेरॉल भरपूर असल्यामुळे वाईटाची चिंता नको. मी डॉक्टर नाही. जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून औषधाचा निर्णय मी सुचवणार नाही. मात्र घरच्यांच्या तर्काशी मी सहमत नाही, कारण 62 हा आकडा 148 ला खोडून काढत नाही.

मुळात कोलेस्टेरॉलचे चांगले आणि वाईट असे दोन प्रकार नसतात. रेणू एकच असतो आणि पेशींच्या आवरणासाठी, पित्तासाठी व अनेक संप्रेरकांसाठी तो शरीराला हवाच असतो. तो रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांनी वेढलेल्या सूक्ष्म कणांमधून त्याची वाहतूक होते, आणि एलडीएल व एचडीएल ही या कणांची नावे आहेत. एलडीएलच्या प्रत्येक कणावर अ‍ॅपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. हे कण धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात, त्यांतले काही तेथेच अडकतात, त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगतात, आणि वर्षानुवर्षे ही क्रिया चालू राहिली की भिंतीत मेदाचा थर साचतो. असा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, तर हृदयविकाराचा झटका येतो. म्हणजे धोका दोन गोष्टींवर अवलंबून असतो: असे कण किती आहेत आणि ते किती वर्षे धमन्यांमधून फिरत आहेत.

यातील काळाचा भाग बहुतेक चर्चांमध्ये सुटून जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. काही माणसांमध्ये पीसीएसके9 या जनुकात जन्मतःच असा बदल असतो की, यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात उचलून घेते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय सहभागींचे एलडीएल इतरांपेक्षा सरासरी 28 टक्के, म्हणजे सुमारे 38 मिलिग्रॅमने कमी होते, आणि त्यांच्यातील हृदयधमनीविकाराचे प्रमाण 88 टक्क्यांनी कमी आढळले. अशा व्यक्ती त्या अभ्यासात थोड्याच होत्या, त्यामुळे 88 हा आकडा काटेकोर मानू नये. तरीही त्याची दिशा स्पष्ट आहे. याउलट स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये जवळजवळ तेवढीच, म्हणजे 39 मिलिग्रॅमची घट मध्यमवयानंतर औषधाने घडवली असता सुमारे पाच वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना साधारण एक पंचमांशाने कमी झाल्या. घट सारखीच, पण एक जन्मभराची आणि दुसरी काही वर्षांची. म्हणूनच 42 व्या वर्षी दिसलेले 148 हे, आज काही त्रास नसला तरी, दुर्लक्ष करण्याजोगे नाही असे मला वाटते.

आता एचडीएलकडे वळू. ज्यांचे एचडीएल जास्त असते त्यांना हृदयविकार कमी होतो, हे निरीक्षण खरेच आहे, आणि घरच्यांचा समज त्यातूनच आलेला असावा. परंतु एचडीएल मुद्दाम वाढवून पाहिले, तेव्हा अपेक्षित लाभ मिळाला नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढले, तरी ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू अधिक झाल्यामुळे 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली. ते औषध रक्तदाबही वाढवत होते, हे मान्य करायला हवे. पण पुढे 2012 मध्ये जनुकीय अभ्यासातही असेच दिसले की, केवळ एचडीएल वाढवणाऱ्या जनुकीय बदलामुळे झटक्याचा धोका घटत नाही. एचडीएलचा आकडा बहुधा एकूण प्रकृतीची खूण असतो, संरक्षणाची हमी नसतो.

आपले ट्रायग्लिसराइड 150 च्या आत आहे, त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते 500 च्या पुढे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका संभवतो, पण तो आपला प्रश्न नाही. एक गोष्ट मात्र पाहा: 228 मधून 62 आणि 90 चा पाचवा भाग, म्हणजे 18, वजा केले की नेमके 148 उरतात. याचा अर्थ आपले एलडीएल बहुधा थेट मोजलेले नसून 1972 च्या फ्रीडेवाल्ड सूत्राने काढलेले आहे. ट्रायग्लिसराइड कमी असताना हे सूत्र पुरेसे विश्वसनीय असते.

आहारात संपृक्त मेद (तूप, लोणी यांतला) कमी करून त्या जागी असंपृक्त मेद (शेंगदाणा, मोहरी अशा तेलांतला) आणि विद्राव्य तंतू (ओट्स, डाळी यांतले) वाढवल्यास एलडीएल खरोखर उतरते, कारण संपृक्त मेदामुळे यकृतातील एलडीएल उचलणाऱ्या प्रथिनांचे (ग्राहींचे) काम मंदावते. अन्नातून येणाऱ्या प्रत्यक्ष कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांमध्ये त्याहून कमी असतो. त्यामुळे तीन महिन्यांचा सल्ला मला योग्य वाटतो, मात्र ते तीन महिने नेटाने पाळावेत ही कळकळीची विनंती.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना काही गोष्टी आवर्जून विचारा व सांगा. वडील किंवा भावाला 55 च्या आत, अथवा आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते न विसरता सांगा. थायरॉइडचे काम मंदावल्यानेही एलडीएल वाढते, तेव्हा ती तपासणी झाली आहे का, हे पाहा. लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच कण बहुतांशी आनुवंशिक असल्यामुळे तो आयुष्यात एकदा मोजलेला पुरतो; तो जास्त निघाला, तर त्याच 148 चा अर्थ अधिक गंभीर होतो. रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांची माहिती आपण दिलेली नाही, पण डॉक्टर ती विचारतीलच, कारण आपल्याला औषध आता हवे की नाही, हे एकट्या एलडीएलवरून ठरत नाही.