पेटीतले तळघर पडद्यावर आले तर

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दर रविवारी दुपारी एकत्र बसून बोर्डगेम खेळत असू. ‘ग्लूमहेवन : जॉज ऑफ द लायन’ हा तळघरांत शिरून सगळ्यांनी मिळून राक्षसांशी लढण्याचा खेळ आम्ही वर्गणी काढून घेतला. एकामागून एक प्रसंग, म्हणजे लढाया, खेळत पुढे न्यायची त्याची मोहीम अर्ध्यावर आली आणि दोघे नोकरीनिमित्त पुण्याला गेले. आता संगणकावरचा ‘ग्लूमहेवन’ घ्यावा असे त्यांचे म्हणणे आहे. इथे राहिलेला मित्र मात्र विचारतो, की सगळे हिशेब संगणकच करणार असेल, तर आपण करायचे काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मित्राची शंका रास्त आहे; तिचे निम्मे उत्तर या खेळाच्या रचनेतच सापडते. ‘जॉज ऑफ द लायन’ ही ज्याची धाकटी आवृत्ती, तो आयझॅक चिल्ड्रेस यांचा मूळ ‘ग्लूमहेवन’ २०१७ मध्ये आला. ९५ प्रसंग, १७ प्रकारची पात्रे आणि दोन्ही हातांनी उचलावी लागणारी अवजड पेटी, एवढा त्याचा पसारा असला, तरी त्याचा गाभा हातातल्या मोजक्या पत्त्यांत आहे. फासे त्यात नाहीत. दर फेरीत दोन पत्ते निवडायचे, एकाचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा भाग वापरायचा, आणि हात रिकामा होत आला की विश्रांती घेऊन, एक पत्ता त्या प्रसंगापुरता गमावून, बाकीचे परत घ्यायचे. दहा पत्त्यांचे पात्र फक्त छोट्या, म्हणजे फेरी वाया न घालवणाऱ्या, विश्रांती घेत, एकही पत्ता अन्यथा न गमावता खेळले, तर २५ फेऱ्या टिकते. पहिल्याच फेरीत एकदाच वापरता येणारा जबरदस्त पत्ता खर्च केला, तर ते २१ फेऱ्यांतच थकून बाद होते. तोच पत्ता अगदी शेवटच्या फेरीत टाकला, तर एकही फेरी कमी होत नाही. पत्ता आत्ता टाकावा की राखून ठेवावा, हा निर्णय संगणकावरही आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या खेळाची खरी गोडी त्यातच आहे.

फ्लेमिंग फाउल स्टुडिओजने केलेली संगणकीय आवृत्ती २०१९ पासून अपूर्ण रूपात उपलब्ध होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती पूर्ण झाली. फरशांचे तुकडे जुळवणे, राक्षसांच्या जखमा मोजणे, हल्ल्याचा जोर कमीजास्त करणारी वीस पत्त्यांची गड्डी पिसणे, ही सगळी कामे ती करते, आणि मांडामांडीत जाणारा वेळ खेळायला मिळतो. एक नुकसान मात्र होते आणि ते लहान नाही. राक्षस कोणाकडे वळणार, हे टेबलावर आपल्यालाच ठरवावे लागते : कमीत कमी चालून ज्याच्यावर हल्ला करता येईल तो त्याचे लक्ष्य, दोघे तिथे सारखेच ठरले तर राक्षसाच्या अधिक जवळचा, आणि तरीही बरोबरी राहिली तर ज्याची पाळी आधी तो. चौघांनी बोटाने घरे मोजत यावर वाद घातला, की तो नियम अंगवळणी पडतो आणि पुढच्या वेळी राक्षसाला कसे हुलकावायचे हे आपोआप सुचते. पडद्यावर राक्षस नुसताच चालून येतो. तो असा का वळला हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हरल्यावरही आपले कुठे चुकले ते कळत नाही. त्यामुळे नियम टेबलावर शिकलेल्यांना संगणकीय आवृत्ती फार लाभते आणि थेट तिच्यापासून सुरुवात करणाऱ्यांना ती कोड्यात टाकते. आपण चौघे पहिल्या गटात आहात, म्हणून ती जरूर घ्यावी.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘जॉज ऑफ द लायन’चे प्रसंग मूळ संगणकीय खेळात नाहीत, ते २०२२ मध्ये स्वतंत्र जोड म्हणून आले आणि वेगळे विकत घ्यावे लागतात. दुसरे म्हणजे, त्यात मराठी नाही. टेबलावर आपल्यापैकी कोणीतरी प्रसंगाचा इंग्रजी मजकूर वाचून तो आपल्या कोल्हापुरी ढंगात सांगत असेल, तर ती मजा पडद्यावर मिळणार नाही. म्हणून पेटीतली अर्धी मोहीम दिवाळीच्या सुट्टीत मित्र घरी येतील तेव्हासाठी राखावी आणि संगणकावर मूळ ‘ग्लूमहेवन’ची नवी मोहीम सुरू करावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : पेटीतला खेळ आणि मोबाइलवरचे ॲप असे दोन्ही एकत्र वापरावे का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ॲप कोणत्या जातीचे आहे, यावर ते अवलंबून आहे. राक्षसांच्या जखमा आणि पाळीचा क्रम यांची नुसती नोंद ठेवणारे ॲप निर्धास्तपणे वापरावे. ते उद्या बंद पडले, तरी कागद-पेन्सिलीवर भागते. ‘डिसेंट : लेजेंड्स ऑफ द डार्क’ हा २०२१ चा खेळ मात्र ॲपशिवाय खेळताच येत नाही, कारण नकाशा कसा उलगडणार आणि शत्रू काय करणार हे सारे ॲपच सांगते. अनुभव रंगतदार असतो, परंतु ते ॲप पुढच्या फोनवर चालेनासे झाले, तर पेटीतल्या महागाच्या बाहुल्या कपाटात शोभेपुरत्या उरतील. वर्षानुवर्षे खेळण्यासाठी पेटी घेत असाल, तर जिचे नियम संपूर्णपणे छापील पुस्तकात आहेत अशीच घ्या.